अस्वलासाठी काडतुसं

आमच्या घरात बंदूक आली ती माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. त्याआधी आम्ही ओहायोमध्ये, डब्लिनला राहत होतो. मी एका विमा कंपनीत प्रोग्रामर होते आणि तो जमिनीखालच्या पाण्याचं काम करणाऱ्या एका फर्ममध्ये. दोन हजार एकच्या मंदीत माझी नोकरी गेली, पुढच्या वर्षी त्याच्या फर्मनेही माणसं कमी करायला घेतली, आणि त्याला मोंटानात काम मिळालं. जुन्या, बंद पडलेल्या खाणींमधून ओढ्यांत काय झिरपतं ते तपासायचं काम. निरोपाच्या जेवणाला एका मैत्रिणीने विचारलं, "तिथे आपली माणसं आहेत का गं?" मी म्हटलं, "आहेत की. आम्ही तिघं." तिसरी आमची मुलगी. ती तेव्हा दुसरीत होती.

तो नागपूरचा, मी पुण्याची. लग्नानंतर त्याच्या 'काऊन' आणि 'बाप्पा'ला मी हसायचे, मग त्याने ते शब्द मला चिडवण्यापुरते राखून ठेवले. घरात बसून राहणं त्याला कधी जमलं नाही. मोंटानातलं काम म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस जंगलात जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून बाटल्या भरायच्या, ओढ्याची पातळी मोजायची आणि संध्याकाळी चिखलाचे बूट दाराबाहेर काढून घरात यायचं. त्या पहिल्या दीड वर्षात तो जितका खूश होता तितका मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता. मी मात्र तिथे रमले नाही. हिवाळा ऑक्टोबरात यायचा आणि मे आला तरी हलायचा नाही. शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची अर्धवेळ नोकरी मला मिळाली होती. दुपारी घरी आलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच डोंगर दिसायचा, आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्याकडेच बघायचं.

दोन हजार चारच्या वसंतात आमच्याच खोऱ्यात, दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हेअरवर अस्वलाने हल्ला केला. ग्रिझली मादी होती, बरोबर पिल्लं होती. माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा गेला आणि जबडा तारांनी बांधावा लागला. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसने मीटिंग घेतली. मिरचीच्या अर्काचा स्प्रे प्रत्येकाने कमरेला लावलाच पाहिजे असा नियम झाला. ज्यांना हवं त्यांनी ट्रेनिंग घेऊन हँडगन बाळगायला हरकत नाही, असंही ठरलं.

"घ्यायची का?" त्याने मला विचारलं. तो भेंडी चिरत होता.

"तुला येते का चालवता?"

"शिकेन."

"स्प्रे पुरत नाही?"

"पुरतो म्हणतात. पण वारा आपल्या तोंडावर असला तर आपल्याच डोळ्यांत जातो, असंही म्हणतात."

मुलगी टेबलापाशी होमवर्क करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आर यू गोइंग टु किल द बेअर?"

"नाही गं," तो म्हणाला. "बेअरने बाबाला मारू नये म्हणून."

ती पुन्हा वहीकडे वळली. मला त्याचं बोलणं पटलं नव्हतं, पण त्या सर्व्हेअरचा चेहरा मी किराणाच्या दुकानात पाहिला होता. मी नाही म्हटलं नाही.

दुकानात आम्ही त्याच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईला घेऊन गेलो. ती आमच्याच वयाची, गुरांच्या रँचवर वाढलेली, आणि जंगलात बहुतेक वेळा त्याच्या जोडीला तीच असायची. तिच्या छातीवरच्या पट्ट्यात कायम फोर्टी फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर असायचं. दुकान एरवी मासेमारीचे गळ, बूट, तंबू यांचं होतं, मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर. माझ्या ओळखीतल्या कुणी पुण्यात पोलिसाच्या कमरेवरची सोडली तर बंदूक जवळून पाहिलेली नव्हती. इथे त्या काचेखाली घड्याळांसारख्या मांडलेल्या होत्या.

काउंटरवरच्या माणसाने आधी बंदूक दाखवलीच नाही. त्याने दोन काडतुसं काचेवर उभी केली. एकाच्या गोळीला टोकाशी खड्डा होता. ती गोळी अंगात शिरली की फुलासारखी उमलते, रुंद जखम करते आणि लवकर थांबते. घरात घुसलेल्या चोरासाठी लोक ती घेतात, असं तो म्हणाला. दुसरी गोळी कडक शिशाची, जड, पुढून चपटी. ती उमलत नाही, सरळ आत जात राहते.

"अस्वलाला चरबी असते, त्याखाली जाड स्नायू, मग हाड," तो म्हणाला. "उमलणारी गोळी चरबीतच थांबते. अस्वल फक्त चिडतं. तुम्हाला खोल जाणारी गोळी हवी."

आत किती खोल, किती वजनाची, किती वेगाची, यावर ते तिघं बराच वेळ बोलत राहिले. सहकारी बाईचं म्हणणं, फोर्टी फोरच घे, त्याच्याशी अस्वल वाद घालत नाही. दुकानदाराचं म्हणणं, नवशिक्याने फोर्टी फोर घेतलं की धक्क्याला घाबरून तो डोळे मिटून चाप ओढतो, मग कसली मोठी गोळी आणि कसलं काय. नवऱ्याने दोन्ही हातात धरून पाहिली आणि शेवटी दहा मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. त्याचा हिशेब सरळ होता. "पहिलीच गोळी लागेल याची मला खात्री नाही. ह्याच्यात जास्त मावतात." ग्रीन कार्ड आदल्या वर्षी आलं होतं, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. दुकानदाराने फोन करून चौकशी केली, पलीकडून होकार आला, आणि आम्ही एक पिस्तूल, कडक शिशाच्या काडतुसांची खोकी आणि कुलपाची एक लोखंडी पेटी घेऊन घरी आलो. पेटी कपाटात, माझ्या साड्यांच्या बॅगेमागे ठेवली.

गावाबाहेर एक सोडून दिलेली खडीची खाण होती. लोक तिथे नेमबाजी करायचे. शनिवारी आम्ही जायचो. सहकारी बाई त्याला शिकवायची, मी थोडी मागे उभी राहायचे, मुलगी कानांवर मफ लावून गाडीत पुस्तक वाचत बसायची.

पहिल्याच दिवशी पिस्तूल अडकलं. गोळी सुटली, पण रिकामी पुंगळी बाहेर उडून पडायच्या ऐवजी मध्येच उभी अडकून बसली. बाईने ती काढून दिली. पुन्हा दोन गोळ्या नीट गेल्या, पुन्हा अडकली.

"काडतुसं हलकी भरलीत," ती म्हणाली. "दुसऱ्या कंपनीची आणू."

दुसऱ्या कंपनीची आणली. तीही अडकली. मग कुणी म्हणालं, चपट्या तोंडाची गोळी ह्या पिस्तुलाला मानवत नाही, गोल तोंडाची घ्या. ती घेतली. मग जास्त दारू भरलेली. मग कुणी म्हणालं, गोळ्या भरायच्या मॅगझिनची स्प्रिंग बदला. तो महिना असाच गेला. आमच्या जेवणाच्या टेबलावर सतत काडतुसांचीच चर्चा असायची. गोळीचं वजन, दारूचा जोर, खोलात किती जाते. त्याला अशा गोष्टींचा शोध घ्यायला आवडायचं आणि मीही कौतुकाने ऐकायचे. पिस्तूल दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवलं. त्याने परत पाठवताना एवढंच कळवलं की यात दोष काही नाही.

त्या शनिवारी सहकारी बाईने पिस्तूल त्याच्या हातून घेतलं आणि स्वतः चालवलं. सगळी मॅगझिन रिकामी झाली, एकदाही अडकलं नाही. तिने पुन्हा भरून त्याला दिलं. दुसऱ्याच गोळीला अडकलं.

"मनगट घट्ट धर," ती म्हणाली. "हे पिस्तूल स्वतःच्या धक्क्यावर चालतं. हात मागे गेला की धक्का हातातच जिरतो, मग पुंगळी नीट फेकली जात नाही."

"धरलंय."

"अजून घट्ट."

"याहून घट्ट नाही धरता येत," तो म्हणाला.

त्याचा आवाज चिडका होता. तो सहसा चिडत नसे. ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. मी पाहिलं ते तिचं पाहणं. त्याचा हात मी पाहिला नाही.

त्याने रबराचा एक चेंडू आणला आणि टीव्ही बघताना तो दाबत बसायला लागला. खुर्चीवर बसून काम करायची सवय लागली, मनगटं बायकी झाली, असं स्वतःच म्हणायचा. मग दुकानदारानेच मार्ग सुचवला. रिव्हॉल्व्हर घ्या. त्याचं चक्र बोटाच्या जोरावर फिरतं, मनगट सैल असलं तरी अडकायचा प्रश्न नाही. त्याने पिस्तूल परत घेतलं आणि त्याच्या बदल्यात थ्री फिफ्टी सेव्हनचं एक रिव्हॉल्व्हर दिलं. फोर्टी फोरपेक्षा लहान, पण जड, कडक शिशाची गोळी घातली तर अस्वलाला पुरेल असं. आणि त्यात थर्टी एटची हलकी काडतुसंही चालतात, म्हणजे सरावाला ती वापरायची. पुढच्या शनिवारी ते एकदाही अडकलं नाही. येताना आम्ही आइस्क्रीम खाल्लं. सुटला एकदाचा प्रश्न, असं आम्हाला वाटलं.

हिवाळ्यात त्याच्या हातून गाडीची किल्ली फिरेना. आधी आम्ही थंडीला दोष दिला, मग कुलपात बर्फ गेला असेल म्हटलं. मग शर्टाचं वरचं बटण. मग वरणाची वाटी. एकदा तो कणीक मळत होता, ते काम आमच्याकडे त्याचंच, आणि मळता मळता थांबून हाताकडे पाहत राहिला. मी जवळ गेले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. दुसऱ्या हाताशी लावून पाहिलं तर फरक स्वच्छ दिसत होता.

"कधीपासून आहे हे?"

"काय माहीत," तो म्हणाला.

गावातल्या डॉक्टरने मानेतली नस दबली असेल म्हणून पट्टा दिला. त्याने काही झालं नाही. वसंतात आम्ही मोठ्या शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. तिने हातापायांत सुया टोचून तपासण्या केल्या, जीभ बाहेर काढायला लावली आणि ती बराच वेळ पाहिली. मग खुर्ची आमच्याजवळ ओढून बसली. एएलएस. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. किती वर्षं, हे मी विचारलं. तिने जे उत्तर दिलं त्यात 'वर्षं' हा शब्द तिने फार जपून वापरला.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. मी भरत होते, तो गाडीतच बसून होता. मी आत येऊन बसले तेव्हा तो म्हणाला, "काडतुसं बदलत बसलो आपण."

मी गाडी सुरू केली.

ऑफिसने त्याला टेबलावरचं काम दिलं, पण त्याचा जीव घराजवळच्या एका ओढ्यात होता. आल्याच्या पहिल्या वर्षी त्याने स्वतः तिथे पातळी मोजायची पट्टी रोवली होती. तो ओढा सुधारतोय असं त्याचं मत होतं. वरच्या अंगाला खाणीचं तोंड बुजवल्यानंतर पाणी निवळत चाललंय, मासे परत येतील. ते काम आता दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं, तरी त्याला दर आठवड्याला तिथे जायचं असायचं. सहकारी बाई न्यायची, पण तिला तिची कामं होती. उरलेल्या वेळी मला न्यावं लागे. त्याच्या उजव्या पायाचा पंजा आता लोंबायला लागला होता, पट्टा बांधून, काठी घेऊन तो चालायचा. रिव्हॉल्व्हरचा चाप त्याला दोन बोटं लावूनही पुरता ओढता येत नव्हता.

"मग मी शिकते," मी म्हटलं.

"स्प्रे आहे ना."

"मागच्या वर्षी तूच म्हणालास वाऱ्याचं."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो हसेल, पण त्याला वाईट वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात त्याच खडीच्या खाणीत मी नेमबाजी शिकले. तो घडीच्या खुर्चीत माझ्या मागे बसून सूचना द्यायचा. आधी थर्टी एटची हलकी काडतुसं. मग थ्री फिफ्टी सेव्हनची भरलेली. पहिल्यांदा ती सोडली तेव्हा धक्का तळव्यातून कोपरापर्यंत गेला आणि रात्री भाकरी थापताना हात दुखला. पण माझा नेम चांगला निघाला. सहकारी बाई म्हणाली, तुझा हात हलत नाही. ते ऐकून मला कसलाही आनंद झाला नाही. आपल्या हातात जोर आहे आणि त्याच्या हातात नाही, हे दर शनिवारी त्याच्यासमोर उभं राहून दाखवायचं, असं ते होतं. तो मात्र मन लावून शिकवायचा. गोळी खालच्या बाजूला जात असेल तर धक्का यायच्या आधीच तू मनगट दाबतेस, म्हणायचा. त्याचा 'स' आता थोडा जड यायला लागला होता.

सप्टेंबरात हकलबेरी पिकलेल्या असतात. जांभळासारख्या रंगाची लहान फळं, अस्वलं त्यासाठी खाली उतरतात. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून ओढ्याकडे जाताना मोठ्याने बोलत जायचो. खरं म्हणजे मीच बोलायचे. त्या दिवशी मी त्याला माझ्या बहिणीच्या फ्लॅटची कसलीशी भानगड सांगत होते. वाट वळते तिथे झुडपं दाट होती, आणि त्यांतून ते बाहेर आलं. वाटेवरच, आमच्यापासून बसच्या दोन-तीन लांबींवर. तपकिरी, खांद्यावर उंचवटा, तोंड फळांनी माखलेलं. मला आधी ते कुणाचं तरी मोठं कुत्रं वाटलं.

मी त्याच्या पुढे आले आणि रिव्हॉल्व्हर काढलं. मला स्प्रे आठवलाच नाही. अस्वलाने मान खाली घातली, फुसफुसलं आणि जबडा आपटला. दातांवर दात आपटल्याचा तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मागून नवरा काहीतरी म्हणाला, जीभ जड झाल्यामुळे मला कळलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "बोलत राहा."

काय बोलायचं ते सुचेना. मी म्हटलं, "जा. जा ना. आम्हाला पलीकडे जायचंय, आम्ही काही करत नाही तुला." पुण्यात अंगणात आलेल्या गाईला म्हणावं तसं. ते थोडं धावून आलं. माझं बोट चापावर होतं आणि नळीच्या टोकावरचा काटा त्याच्या छातीवर होता. मला आठवतं, तो हलत नव्हता. अस्वल मध्येच थांबलं, एका बाजूला झालं, आमच्याकडे पाठ करून उताराने खाली गेलं. झुडपांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी रिव्हॉल्व्हर परत पट्ट्यात ठेवू शकत नव्हते, बोटं सुटत नव्हती. तो काठी टेकत पुढे आला आणि आपल्या डाव्या हाताने, तो हात जरा बरा होता, माझी बोटं एकेक करून सोडवली.

"बरं झालं मारलं नाहीस," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. अस्वलाचा आला नव्हता इतका आला. त्याला त्या अस्वलाबद्दल बरं वाटत होतं, ओढ्याबद्दल बरं वाटत होतं, मासे येतील म्हणून बरं वाटत होतं. आणि मी सगळा उन्हाळा जे शिकले होते त्याचा त्याला जे होत होतं त्याच्यावर काडीचा उपयोग नव्हता. मी वाटेतच बसले आणि रडले. तो शेजारी बसू शकला नसता, खाली बसला असता तर त्याला उठवणं मला कठीण गेलं असतं. म्हणून काठीवर भार देऊन तो तसाच उभा राहिला. पट्टी न पाहताच आम्ही परतलो. त्यानंतर मी त्याला तिकडे नेलं नाही. हिवाळ्याआधी सहकारी बाईने एकदा नेलं, तेवढंच.

दोन हजार सहामध्ये तो व्हीलचेअरवर आला. बोलणं फक्त मला आणि मुलीला कळायचं, नंतर नंतर मुलीला माझ्यापेक्षा जास्त. ती त्याचं बोलणं नर्सला इंग्रजीत सांगायची. घरी येणाऱ्या त्या नर्सने एका भेटीत, औषधांबद्दल विचारावं तशा सहज सुरात विचारलं, "घरात बंदूक आहे का?"

मी हो म्हटलं.

"कुणाकडे ठेवता येईल का? सगळ्यांनाच विचारावं लागतं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात सहकारी बाई आली आणि पेटी, काडतुसं, छातीचा पट्टा, सगळं घेऊन गेली. दारात तिने मला मिठी मारली. तिच्या गाडीचा आवाज त्याने ऐकला असणार. संध्याकाळी मी त्याला भरवत होते, दलियाची पातळ खीर, तेव्हा तो थांबून म्हणाला, "बंदूक दिलीस?"

"हो."

"मला चाप ओढता येत नाही. तुला माहितीये."

"माहितीये."

"मग काऊन दिलीस?"

कितीतरी दिवसांनी तो शब्द ऐकला. तो चिडवत नव्हता. मी चमचा वाटीत ठेवला.

"एखाद्या दिवशी तू मला ओढायला सांगशील म्हणून," मी म्हटलं.

तो खिडकीकडे पाहत राहिला. मुलीच्या खोलीतून व्हायोलिनचा सराव ऐकू येत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

"सांगितलं असतं," तो म्हणाला.

मग त्याने तोंड उघडलं आणि मी पुढचा घास दिला. त्याविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी नाही म्हटलं असतं की काय केलं असतं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत तो गेला. दुपारी, बर्फ पडत असताना. श्वास आधीच फार उथळ झाला होता, तो हळूहळू आणखी उथळ झाला. मुलगी शाळेतून यायची होती. मी तिच्या बसची वाट बघत त्याच्याजवळ बसून राहिले. ती आल्यावर तिने बूट काढले, जॅकेट काढलं, मग आत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "इज ही कोल्ड?" मी म्हटलं, "नाही अजून." मग ती जवळ आली.

उन्हाळ्यात शाळा संपल्यावर आम्ही डब्लिनला परतलो. जुन्या विमा कंपनीत मला पुन्हा काम मिळालं. रिव्हॉल्व्हरचं काय करू, असं सहकारी बाईने फोन करून विचारलं. मी म्हटलं, तूच वापर. ती म्हणाली, तिला फोर्टी फोरच बरं वाटतं, कुणा नवीन आलेल्याला देईल. मग तिने सांगितलं की ओढ्यातलं पाणी यंदा पुन्हा गढूळ आहे, वरच्या अंगाला आणखी कुठूनतरी झिरपतंय, नेमकं कुठून ते सापडत नाही. मी बरं म्हटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला एका घरी जेवायला गेलो होतो. बरीच तरुण मुलं होती, नुकतीच आलेली, व्हिसावर. त्यातला एक माझ्याजवळ येऊन बसला. उन्हाळ्यात मित्रांबरोबर मोंटानाला कॅम्पिंगला जायचा प्लॅन आहे, म्हणाला.

"काकू, तुम्ही तिथे राहत होतात ना? अस्वलासाठी कोणती गन बेस्ट, यार, नेटवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो."

"व्हिसावर आहेस, बंदुकीच्या भानगडीत पडू नकोस," मी म्हटलं. "स्प्रे घे. मोठ्याने बोलत चाला."

"ते आहेच हो. पण समजा घेता आली असती तर?"

तो खरंच उत्सुकतेने विचारत होता. ताट मांडीवर घेऊन, जेवता जेवता हात थांबवून. मी त्याला सांगितलं. थ्री फिफ्टी सेव्हन, रिव्हॉल्व्हर, गोळी जड आणि कडक शिशाची, उमलणारी नको. सरावाला थर्टी एट. तो हे सगळं ऐकून प्रभावित झाला आणि पलीकडच्या मित्राला सांगायला उठून गेला. माझी मुलगी जिन्यात बसली होती, ती म्हणाली, "आई, कॅन वी गो नाऊ?" यजमानीणबाईंनी डब्यात पुरणपोळ्या घालून दिल्या, त्या घेऊन आम्ही घरी आलो.